मल्लखांबातली मुलगी बांबूउडीकडे वळू शकते का? चौदाव्या वर्षी उशीर झाला का?

देवगडची_आई
मुलगी नववीत आहे. चौथीपासून दोरीचा मल्लखांब करते. गेल्या वर्षभरात एकदम ताडमाड वाढली. आता प्रशिक्षक म्हणतात, उंचीमुळे आसनं बसत नाहीत, हिचं पुढे कठीण आहे. घरी रडारड. तिनेच कुठेतरी व्हिडिओ पाहिला आणि आता पोल व्हॉल्टचं खूळ घेतलंय. या वयात सुरू करून काही होतं का? कोणाला माहिती असेल तर सांगा.

व्हाळापलीकडचो
गो ताई, येवढो लांब बांबू नेतलंस कसो? एसटीत कंडक्टर चढूक देवचो नाय!

निवृत्त_पीटी_सर
ताई, येलेना इसिनबायेवाचं नाव लेकीला सांगा. रशियातल्या व्होल्गोग्राडची पोल व्हॉल्टर. लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स, आणि पंधराव्या वर्षी तिथून बाहेर, कारण हेच, उंची. मग येव्गेनी त्रोफिमोव्ह या प्रशिक्षकाने तिच्या हातात पोल दिला. 2004 ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये 4.91 मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्ण, 2005 ला लंडनमध्ये 5 मीटर पार करणारी पहिली बाई, 2008 ला बीजिंगमध्ये 5.05 आणि पुन्हा सुवर्ण. एकूण 28 विश्वविक्रम.

पण मला तिचं 2009 जास्त आवडतं. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत 4.75 ला एकदा चुकली, ती उंची सोडून दिली, 4.80 ला दोनदा चुकली. खेळ खलास. नावापुढे एकही उंची नाही! अकरा दिवसांनी झ्यूरिकमध्ये 5.06. तो विक्रम अजून उभा आहे. बांबूउडीत सलग तीन चुका झाल्या की बाद, पण एक चूक झाल्यावर उरलेल्या उड्या पुढच्या उंचीसाठी राखून ठेवता येतात. हा जुगार अथेन्समध्ये तिला फळला होता, बर्लिनमध्ये अंगाशी आला.

दोरीवर वाढलेल्या मुलीला उलटं लटकायची भीती नसते, खांदे आणि पोट तयार असतं. निम्मं काम झालेलं आहे. उरलं धावणं. वेग नसेल तर पोल वाकतच नाही, आणि मल्लखांबातली मुलं धावायचा कंटाळा करतात हे मी आयुष्यभर पाहिलंय.

एक मात्र कडक सांगतो. घरचा बांबू घेऊन पुळणीत प्रयोग नकोत. पोल फायबरचा असतो, त्यावर किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते लिहिलेलं असतं. हलक्या वजनाचा पोल जड मुलीच्या हातात मोडू शकतो. पडायला जाड गादी हवी, वाळू नाही.

मुंबईचा_चाकरमानी
सर, तिचा शेवट मात्र कडू झाला ना? लंडन 2012 ला कांस्य, 2013 ला मॉस्कोत घरच्या मैदानावर जग जिंकली, मग बाळंतपण, आणि रिओ ऑलिंपिकला रशियाच्या अॅथलीट्सवर उत्तेजकांच्या प्रकरणामुळे बंदी. तिची स्वतःची उत्तेजकांची चाचणी कधी दोषी निघाली नव्हती, तरी घरी बसली.

निवृत्त_पीटी_सर
हो. त्यावर भांडायला वेगळा धागा काढा. ताईंच्या कामाची गोष्ट दुसरीच आहे: 2005 च्या शेवटी ती पुरुषांच्या बांबूउडीतला विक्रमवीर सर्गेई बुबका याच्या जुन्या गुरूंकडे, पेत्रोव्हांकडे गेली, आणि 2011 ला पुन्हा त्रोफिमोव्हकडे परतली. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही उडी बाजूला उभं राहून बघणारा माणूस लागतो. व्हिडिओ बघून हा खेळ येत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी चौकशी करा, नाहीतर पुण्याला बालेवाडीचं क्रीडा संकुल.

देवगडची_आई
सर, खूप आभार. पुण्याला माझी नणंद असते, राहायची सोय होईल. पण मे महिन्यात आंब्याच्या कलमांची काढणी, घरातलं कोणीच हलू शकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत नेलं तर चालेल?

निवृत्त_पीटी_सर
चालेल की. तोवर दोरी सुटू देऊ नका, आणि रोज सकाळी पळायला लावा. चढावर. देवगडात चढ शोधावा लागत नाही.