‘वन्स इन अ ब्लू मून’ मुलांना कसं शिकवावं? सल्ला हवा

सिडकोची आई:
लेक सातवीत, सेमी इंग्रजीला. ‘अंकल व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून’ याचं भाषांतर तिने ‘काका निळा चंद्र असला की येतात’ असं केलं. अर्थ ‘क्वचित’ हे सांगितलं, पण तिला मराठीतला तसाच वाक्प्रचार हवाय. मी ‘कपिलाषष्ठीचा योग’ सुचवला. बरोबर आहे का?

पंचवटीकर:
इथे तो बसत नाही, ताई. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात, एवढं सगळं जुळतं तेव्हा कपिलाषष्ठी. म्हणून तो शब्द दुर्मीळ योग जुळून आला की वापरतात. पांगलेली चार भावंडं एका दिवाळीला घरी जमली, तर तो कपिलाषष्ठीचा योग. काका येतात, पण फार दिवसांनी, यासाठी ‘सटीसहामाशी’. आमची आजी दारातच म्हणायची, “सटीसहामाशी येतोस, दोन दिवस राहा तरी!” असा क्वचितच दिसणारा माणूस म्हणजे ‘उंबराचं फूल’.

गंगापूर रोडवरून:
‘सटीसहामाशी’ला माझंही मत. पण चंद्राचं मुलीला जरूर सांगा, कारण त्याचा धागा आपल्या पंचांगात आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात, वर्षामागे ११ दिवस उरतात. ते साठून अडीच-तीन वर्षांनी एक पौर्णिमा जास्तीची येते. इंग्रजी महिन्यात दुसरी पौर्णिमा आली की तिला ‘ब्लू मून’ म्हणतात, रंग नेहमीचाच. आपला अधिक महिना याच हिशेबातून येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन पौर्णिमा होत्या. पहिली अधिक श्रावणातली, दुसरी निज श्रावणातली, म्हणजे नारळी पौर्णिमा. मी तेव्हा मुलांना घेऊन गच्चीवर गेले होते. वर्गात चार वेळा सांगूनही जे डोक्यात शिरत नव्हतं, ते कालनिर्णय आणि चंद्र शेजारी ठेवल्यावर लगेच कळलं.

सिडकोची आई:
किती छान! मग ‘अधिक महिन्यासारखे येतात’ असं लिहिलं तर चालेल?

पंचवटीकर:
समजावताना चालेल, पेपरात नको. तिथे ‘काका आमच्याकडे सटीसहामाशी येतात’ एवढंच लिहू द्या. आणि इंग्रजी निबंधात हा वाक्प्रचार घरगुती गप्पांसारख्या मजकुरातच वापरायला सांगा. अर्जात किंवा अहवालात ‘रेअरली’ बरं.