मदत हवी आहे: क्रुसाखालची कवटी आणि साप

आम्ही म्हापशात राहतो. शेजारच्या आंटीने पोर्तुगालला लेकाकडे कायमचं जाताना आपला जुना लाकडी क्रूस आईला आठवण म्हणून दिला. येशूच्या पायांशी कवटी, दोन हाडं, आणि खाली वेटोळं घातलेला साप! आई म्हणते, हे काहीतरी करणीचं आहे, घरात नको. (तुळशीवृंदावनासमोर ठेवायचा विचार माझाही नाही म्हणा.)

मी मराठी बायबल उघडलं. कवटीचं कोडं सुटलं: येशूला जिथे क्रुसावर दिलं त्या गुलगुथाचा अर्थच ‘कवटीची जागा’, मत्तय 27:33. ही कवटी आदामाची, म्हणजे बायबलातल्या पहिल्या माणसाची, आणि त्याला तिथेच पुरलं होतं, ही परंपरा मात्र बायबलात नाही, नंतरची आहे.

अडलंय ते सापावर. उत्पत्ती 3:15 मध्ये एदेन बागेत आदाम-हव्वेला भुलवणाऱ्या सापाचं डोकं ठेचण्याची गोष्ट आहे. पण गणना 21 मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे पितळेचा साप खांबावर उभारतो, त्याकडे पाहणारे वाचतात, आणि योहान 3:14 मध्ये येशू स्वतःची तुलना त्याच सापाशी करतो. मग पायाखालचा हा साप कोणता? माझा अंदाज, एदेन बागेतला. कोणी चर्चमधल्या जाणत्याला विचारून सांगेल का? आईला रविवारपर्यंत उत्तर हवंय.