नॅनोकणांवरचं 'कॅपिंग' : पुट, भावना की वेष्टन?

वेंगुर्ल्याची
भाचीच्या एम.एस्सी. प्रकल्पाचा गोषवारा मराठीत करतेय. सोन्याच्या क्षाराचं द्रावण सायट्रेट घालून उकळलं की सोन्याचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तयार होतात आणि द्रावण माणकासारखं लाल होतं. कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती बहुवारिक (पॉलिमर) बसवतात, ते कॅपिंग. मी 'पुट' लिहिलं, तिने खोडून 'वेष्टन' केलं. सोलांना, म्हणजे कोकमाच्या सालींना, आगळाचं (कोकमाच्या रसाचं) पुट देतात हे मी लहानपणापासून ऐकत आले. चुकलं कुठे?

खाडीकाठ
पुट म्हणजे अग्नी. भस्म करताना शेणींच्या आचेत देतात ते पुट : गजपुट, कुक्कुटपुट. औषध रसात भिजवून खलतात ती भावना. सोलांना देतात ती भावनाच.

माडबन
आजी साल रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची. अख्खा गाव त्याला पुटच म्हणायचा. धुळीचीही पुटं चढतात, तिथे कुठला अग्नी?

परीक्षानळी
भाचीचा आक्षेप मला पटतो, तिचा शब्द नाही. पुट काय, वेष्टन काय, दोन्हींत खालचं झाकलं जातं. इथे सोन्याचे कण उत्प्रेरक आहेत, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवतात. ती धातूच्या पृष्ठभागावरच घडते, तो उघडा राहायला हवा. 4-नायट्रोफिनॉलच्या पिवळ्या द्रावणात नुसतं सोडियम बोरोहायड्राइड घाला, पिवळेपणा तासन्‌तास हटत नाही. सोन्याचे थोडे कण टाका, काही मिनिटांत रंग जातो. थर दाट झाला की हीच क्रिया मंदावते. म्हणून मी 'राखण' म्हणेन. कणांची राखण करायची, वाट अडवायची नाही.

खाडीकाठ
परिभाषेला संस्कृत धातू हवा. 'राखण'पासून विशेषण कसं करणार?

माडबन
'राखलेले कण'. झालं की.

वेंगुर्ल्याची
'राखण' आवडला. पण तिचं बहुवारिक 'फंक्शनल' आहे. मी 'कार्यात्मक' लिहिलंय.

परीक्षानळी
दहावीच्या पुस्तकात 'क्रियात्मक गट' आहे, तोच धागा धरा. ते गटच धातूला धरून ठेवतात. 'कार्यात्मक' वाचून कार्यालय आठवतं.

माडबन
आणि 'उत्प्रेरक'ऐवजी 'विरजण' का नको? चमचाभर पुरतं, सगळं दूध बदलतं.

परीक्षानळी
विरजण दह्यातच मुरतं आणि वाढतं. उत्प्रेरक वाढत नाही, अभिक्रिया संपल्यावर तसाच उरतो. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1835 मध्ये 'कॅटॅलिसिस' शब्द घडवला तो ग्रीकमधल्या 'सुटं करणं' या अर्थावरून. 'विरजण' हवंच असेल तर आधी बारीक कण करून त्यांवर मोठे वाढवतात, त्या बीजकणांना द्या.

खाडीकाठ
त्यांना 'बीज' आहेच. आणखी एक शब्द कशाला?

वेंगुर्ल्याची
भाची विचारतेय : तिचं बहुवारिक कायटोसान आहे, कोळंबीपासून काढलेलं. कोळंबीची टरफलं लिहू की कवचं?

माडबन
कोळंबी सोलतात, म्हणजे सालं. कवच कुर्लीचं, खेकड्याचं.