मोटर सुरू झाली की आर्डुइनो रीसेट होतो. सेन्सर व्हरांड्यात पट्टी ओळखत नाही

प्रश्न (झेडपी शाळेतला शिक्षक, सातारा जिल्हा)

नमस्कार. सातवीच्या मुलांसोबत काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी बनवतोय. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटर चालवणारा बोर्ड), पिवळ्या गिअरबॉक्सच्या दोन बीओ मोटर, पुढे दोन आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) सेन्सर. सगळ्याला मिळून ९ व्होल्टची एकच चौकोनी बॅटरी.

चाकं हवेत धरली की झकास फिरतात. जमिनीवर ठेवली की गाडी वीतभर जाते, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू. शिवाय वर्गात पट्टी थोडीफार ओळखते, व्हरांड्यात अजिबात नाही. पट्टी मार्करने काढली आहे. कोड बदलून पाहिला, फरक नाही. मुलं रोज मधल्या सुट्टीत विचारायला येतात. काय बदलू?

उत्तर (लॅब इन्स्ट्रक्टर, पुणे)

सर, कोड राहू द्या, आधी बॅटरी बदला. ती चौकोनी बॅटरी मल्टिमीटरसारख्या कमी करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी असते. बीओ मोटर मोकळी फिरताना दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते, पण जागेवरून गाडी ओढताना क्षणभर एक अँपिअरपर्यंत मागते. अशा दोन मोटर एकदम सुरू झाल्या की बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि आर्डुइनो रीसेट होतो. मल्टिमीटर बॅटरीला लावून गाडी सोडा आणि आकडा पडताना मुलांना स्वतः बघू द्या. हा धडा मला गाडी पळण्याइतकाच मोलाचा वाटतो.

मोटरसाठी १८६५० चे (रिचार्जेबल लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून घ्या, ७.४ व्होल्ट. एल२९८एन त्यातले दोनेक व्होल्ट स्वतःच खातो, उरलेले बीओला पुरतात. आर्डुइनोला वेगळा पुरवठा द्या, पण दोन्हींचे ग्राउंड (निगेटिव्ह) एकमेकांना जोडाच. ते नसेल तर ड्रायव्हरला सिग्नल नीट पोचत नाही. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो.

सेल प्रोटेक्शन सर्किटवाले घ्या आणि चार्जिंग तुमच्या हाताखालीच होऊ द्या. सुटे सेल दप्तरात किंवा खिशात जाता कामा नयेत. शॉर्ट झाले तर भाजतं, आग लागू शकते.

उत्तर (रोबोटिक्स क्लबचा विद्यार्थी, नाशिक)

सर, पट्टीबद्दल सांगतो. काही मार्करची शाई आपल्याला काळी दिसते, पण इन्फ्रारेड शोषत नाही, त्यामुळे सेन्सरला ती कागदासारखी पांढरीच वाटते. पांढऱ्या चार्टपेपरवर काळी इन्सुलेशन टेप लावून बघा.

उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतं, म्हणून व्हरांड्यात घोळ होतो. सेन्सर जमिनीपासून पाच-सहा मिलिमीटरवर आणा, भोवती काळ्या कागदाची झालर लावा आणि जिथे गाडी चालवायची तिथेच सेन्सरवरचा प्रीसेट (संवेदनशीलता ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवून सेट करा. सेन्सरची इन्फ्रारेड एलईडी पेटते का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतं. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसलं तर सेल्फीचा वापरा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टेप लावली, वर्गात गाडी वळणावरही पट्टी सोडत नाही! सेल मागवलेत, तोवर मोटरला सहा पेन्सिल सेल लावलेत. रीसेट थांबला. पण आर्डुइनोला जोडलेली पॉवर बँक थोड्या वेळाने आपोआप बंद होते. ती बिघडली का?

उत्तर (लॅब इन्स्ट्रक्टर, पुणे)

नाही सर, चांगली आहे. आर्डुइनो आणि दोन सेन्सर इतका कमी करंट घेतात की पुष्कळ पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७ ओमचा, एक वॅटचा रेझिस्टर लावा. साधारण शंभर मिलिअँपिअर जादा जातील आणि बहुतेक पॉवर बँका तेवढ्यावर चालू राहतात. तो गरम होतो, म्हणून वायरींपासून लांब ठेवा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सुटा मिळतो. पुण्याला कुणी येणार असेल तर १०४ चे कपॅसिटरही त्याच फेरीत मागवा.