पडून असलेलं पाणी?
कुणीतरी विचारलंय की उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत एवढं पाणी पडून आहे, तर ते अमेरिकेच्या कोरड्या नैऋत्य भागाकडे का वळवू नये? ‘पडून’ हा शब्दच खटकला. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा तिथे आहे, मान्य. पण पाऊस-बर्फातून दरवर्षी भर पडते जेमतेम १ टक्क्याची. उरलेली हिमयुगाची ठेव. व्याज खावं, मुद्दल मोडू नये, एवढा साधा हिशेब आहे. म्हणून तर सरोवरांकाठच्या अमेरिकी राज्यांमधल्या २००८ च्या कराराने खोऱ्याबाहेर पाणी नेण्यावर जवळपास बंदीच घातली (शिकागो शहराला पाणी बाहेर नेण्याची जुनी सवलत सोडून). शिवाय नुसतं पाणी असून भागत नाही. २०१४ मध्ये यातल्याच ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात शेवाळाच्या विषामुळे लाखो लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नव्हतं.