मदत हवी आहे: आगळाबद्दल दोन मिनिटांत काय बोलू?

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचा महिला बचत गट आहे. कोकमापासून आगळ (मीठ घातलेला रस), आमसुलं, अमृत कोकम (सरबताचं गोड सिरप) करतो. पुढच्या महिन्यात पुण्यात घाऊक खरेदीदारांसमोर 2 मिनिटं बोलायचंय आणि गटाने मलाच पुढे केलंय.

आधी सुरुवात होती, "आम्ही पारंपरिक पद्धतीने, घरगुती चवीचं..." भावाने मध्येच अडवलं, "ताई, हे सगळेच म्हणतात. बाटली कधी दाखवणार?" आता अशी केलीय: "या बाटलीत फक्त कोकमाचा रस आणि मीठ. साखर नाही, रंग नाही. नारळाच्या दुधात चार चमचे घाला, सोलकढी तयार."

हे ठीक वाटतंय का? मोकळेपणाने सांगा, गोड बोलू नका.

खरी अडचण पुढे आहे. घाटावरचे बरेच जण आगळाला सरबताचं सिरप समजतात, आणि तो फरक सांगण्यातच अर्धा वेळ जातो. की बोलण्याऐवजी दोन छोटे पेले चाखायलाच द्यावेत? सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, ते आधी सांगू की कोणी विचारल्यावर? घाऊक दर आपणहून बोलावा का?

सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून चाललाय. ऐकताना कळतं, दराच्या वाक्याला मी एकदम घाईत येते आणि आवाज खाली जातो. घरच्यांसमोर बोलून काही उपयोग नाही, ते हसतात. कोणी खरेदीच्या बाजूला काम केलंय का? फोनवर एकदा ऐकून आडवेतिडवे प्रश्न विचाराल का? संध्याकाळी सातनंतर कधीही चालेल.