घानातल्या शाळेत ढोल आणि नाचाचा तास : ठेवावा की काढावा?

निशिगंध (धागा लेखिका)

आम्हाला घानाच्या राजधानीत, आक्राला येऊन सहा वर्षं झाली. लेक पाचवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेने पालकांची बैठक घेतली आणि विचारलं, शुक्रवारचा ढोल-नाचाचा तास पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की त्या जागी संगणकाचा जादा तास घ्यायचा? बहुतेक सगळे संगणकाच्या बाजूने बोलले. त्यात आपले भारतीय होते आणि घानाचेही होते. मी विरोधात बोलले आणि एकटी पडले. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्या तासाला मी दोनदा जाऊन बसले आहे. व्होल्टा भागातले, एवे समाजाचे एक मास्तर मुलांना आग्बाजा हा त्यांचा ढोल-नाच शिकवतात (जा 'जागा'तला). पहिले तीन आठवडे त्यांनी कुणालाही ढोलाला हात लावू दिला नाही. आधी गांकोग्वी, म्हणजे एकीला एक जोडलेल्या दोन लोखंडी घंटा. आवर्तन बारा मात्रांचं, त्यात ठोके सात, आणि ठोक्यांमधलं अंतर दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक. मुलं ते मांडीवर थापट्या मारत पाठ करतात. मग अहात्से, म्हणजे वरून मण्यांची जाळी घातलेला वाळका भोपळा. तो खाली मांडीवर आणि वर उलट्या धरलेल्या तळहातावर आपटायचा. त्यानंतर ढोल : आधी कागानु, मग किडी, आणि सर्वांना चालवणारा सोगो सगळ्यात शेवटी.

माझ्या लेकीकडे कागानु आहे. चणीने सगळ्यात लहान ढोल, दोन लांब बारीक काठ्या. तिचे ठोके मुख्य ठेक्यांमधल्या फटीत पडतात. शेजारच्या मुलाचं ऐकलं नाही की हात तत्काळ घसरतो. स्वतःचं वाजवताना चार जणांचं ऐकायला शिकवणारा दुसरा कुठलाही तास मला त्या शाळेत दिसलेला नाही. माझं म्हणणं असं, की हा तास दर आठवड्याला हवाच. वार्षिक समारंभाआधीची पंधरा दिवसांची तालीम म्हणजे शिकवणं नव्हे.

पखवाजी

ताई, तुमची तळमळ पोचली. पण मी पालक असतो तर तास काढायच्या बाजूने हात वर केला असता, आणि तेही संगणकासाठी नाही. मी पंचवीस वर्षं पखवाज शिकतो-शिकवतो आहे. चाळीस मिनिटांच्या तासात आणि तीस मुलांत काय उरतं ते मला ठाऊक आहे.

घानातल्या आशांती लोकांचा अडोवा घ्या. मुळात तो मयतीशी जोडलेला नाच. नाचणारीचे हात बोलत असतात, दुःख सांगतात, धीर देतात. तोच नाच शाळेच्या मंचावर रंगीत कपड्यांत, पाहुण्यांच्या स्वागताला. मुलांना हातांच्या हालचाली येतात, त्यांचा अर्थ कुणी सांगत नाही.

आणि आतुम्पान? एक उंच स्वराचा, एक खालच्या स्वराचा, अशी ढोलांची जोडी. आशांती आणि इतर अकान लोकांच्या ट्वी भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावर ठरतो, म्हणून ढोल ती भाषा वाजवू शकतो. घानाच्या सरकारी रेडिओची खूण आतुम्पानवर वाजते : "घाना, मुन्तिए", म्हणजे घाना, ऐका. ज्याला ट्वी येते त्याला वाक्य ऐकू येतं, बाकीच्यांना नुसते ठोके. इंग्रजी शाळेत, जिथे मधल्या सुट्टीतसुद्धा मुलं ट्वी बोलत नाहीत, तिथे तुम्ही नेमकं काय शिकवणार? अकान वादक सुरुवातीला ज्या झाडाचा ढोल झाला त्या त्वेनेबोआला हाक मारतो, ज्याचं कातडं चढवलं त्या हत्तीला हाक मारतो. हे घंटा वाजली की वही मिटायची अशा जागी होत नाही. जिथे ते जिवंत आहे तिथे मुलांना न्या.

टेमाकर

मी बंदराच्या कामानिमित्त टेमाला असतो. एक गोष्ट इथे कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या शेजारचं कुटुंब पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाचं आहे, स्वभावाने अत्यंत चांगली माणसं. त्यांचा मुलगा ढोलाच्या तासाला बसत नाही. शेजारीण मला म्हणाली, "या ढोलांबरोबर पूर्वजांना मद्य वाहतात, देवांना बोलावतात. माझ्या आईने ते सोडलं, मी मुलाला परत त्यात कशी ढकलू?" तिला मागासलेली म्हणायची माझी हिंमत नाही.

आक्रात गा लोकांच्या होमोवो सणाआधी दरवर्षी महिनाभर ढोल आणि गोंगाटाला बंदी असते. 1998 पासून पुढची काही वर्षं याच बंदीवरून चर्च आणि गा तरुण यांच्यात हाणामाऱ्या झाल्या. म्हणजे ढोल ही इथे साधी करमणूक नाही. सक्तीचा तास नको एवढंच माझं म्हणणं. ज्याला बसायचं तो बसेल.

निशिगंध

@टेमाकर, ऐच्छिक असावा हे मान्य, शंभर टक्के. पण त्या भीतीचा इतिहासही पाहायला हवा. ती नुसती घराघरांतून आलेली नाही, मिशनच्या शाळांनी रुजवली. एफ्राइम आमू हे आक्रोपाँगच्या प्रेस्बिटेरियन अध्यापक विद्यालयात शिकवायचे. चर्चमध्ये आफ्रिकी वाद्यं आणि आफ्रिकी चालीची भजनं हवीत असं ते म्हणायचे, आणि प्रवचनाला अंगावर देशी कापड घेऊन उभे राहायचे. 1933 मध्ये त्यांना नोकरीवरून काढलं. ते शेवटपर्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होते. मग आचिमोटाच्या शाळेत शिकवायला लागले आणि आज घानाच्या थोर संगीतकारांत त्यांचं नाव आहे. ढोल आणि ख्रिस्त यांतलं एकच निवडा, असं आमूंनी कधी मानलं नाही.

@पखवाजी, अडोवाबद्दल तुम्ही बोललात ते मला लागलं, कारण ते खरं आहे. मागच्या वर्षी आमच्याच शाळेत हुबेहूब तसं झालं. पण "जिथे जिवंत आहे तिथे न्या" हे गावात राहणाऱ्याला सोपं. लेकीच्या वर्गात एका मुलाची आई फान्ती, वडील दागोम्बा, म्हणजे दोघांच्या भाषा वेगळ्या, घरात बोलतात इंग्रजी. त्याने कुठल्या अंगणात जायचं? शाळा सोडून त्याला दुसरं अंगणच नाही.

आणि परंपरा म्हणजे दरवेळी शेकडो वर्षं जुनी असं थोडंच असतं. क्पान्लोगो हा नाच 1960 च्या सुमारास आक्रातल्या गा पोरांनी उभा केला. वडीलधाऱ्यांनी तेव्हा त्याला अश्लील म्हणून नावं ठेवली. आज देशोदेशीच्या वर्गांत घानाचा पारंपरिक नाच म्हणून तोच शिकवतात.

उगवती

आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींचे ढोलही इथूनच आले ना? मग आपणही हे शिकवायला हवं!

लेस्टरकर

@उगवती, नाही. सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आले. घाना आणि गिनी पार दुसऱ्या, पश्चिमेच्या किनाऱ्यावर. हीच गल्लत इंग्लंडमधल्या आमच्या शाळेत होते. ऑक्टोबरमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो, तेव्हा सहा तास "आफ्रिकन ड्रमिंग". वीस जेंबे ढोल गोल मांडतात, मुलं बडवतात, झालं. जेंबे मांदे लोकांचा, गिनी आणि मालीकडचा, हे माझ्या मुलाला सहा तासांनंतरही माहीत नव्हतं. असल्या शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं, असं माझं ठाम मत होतं.

ते या वर्षी बदललं. या खेपेला आलेले शिक्षक गिनीचे होते. त्यांनी कासा नावाचा ताल घेतला. तो शेतात कापणी चालू असताना वाजवतात. त्यांनी अर्ध्या मुलांना ओळीत वाकून कापायला लावलं आणि अर्ध्यांना वाजवायला. पाच मिनिटांत कापणारी मुलं ओरडायला लागली, "थांबू नका, थांबलात की कंबर दुखते!" वाजवणाऱ्यांना मग कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून @पखवाजी, संदर्भ तुटतो हे बरोबर, पण चांगला शिक्षक तो थोडाफार जोडून देतो. गिनीच्या फोदेबा केइतांनी 1952 मध्ये पॅरिसमध्ये 'ले बाले आफ्रिकें' हे नृत्यपथक काढलं तेव्हा गावातले रात्रभराचे नाच मंचावर काही मिनिटांचे झाले. 1958 ला गिनी स्वतंत्र झाल्यावर तेच देशाचं सरकारी नृत्यपथक झालं. गिनीचे जेंबेवादक मामादी केइता गावात शिकून अशाच सरकारी पथकात वाढले आणि 1991 मध्ये ब्रुसेल्सला त्यांनी स्वतःची शाळा काढली. त्या शाळेत प्रत्येक तालाबरोबर तो कुणाचा, कधी वाजवायचा, हे सांगितलं जायचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शिक्षिका_नाशिक

सगळे संस्कृतीबद्दल बोलताय. त्या मास्तरांना तासाचे किती मिळतात हे कुणी विचारलं का? आमच्याकडे कलाशिक्षक मानधनावर, आणि सुट्टीत तेही बंद. पदवी नाही म्हणून कायम करत नाहीत. ज्याच्या हातात विद्या आहे त्याला महिन्याची खात्री नसेल तर तो दोन वर्षांत दुसरं काम धरतो.

निशिगंध

@शिक्षिका_नाशिक, विचारलं मी. गणिताच्या बाईंच्या अर्ध्याहून कमी. वर किडीचं कातडं फाटलं की ते पदरचे पैसे घालून बदलतात. बैठकीत मी हे बोलले नाही याचं आता वाईट वाटतंय.

पखवाजी

लेस्टरकरांचा कापणीचा प्रसंग मी दोनदा वाचला. माझा विरोध थोडा मागे घेतो, सगळा नाही. अडोवा शाळेने करू नये, निदान ट्वी येणारी बाई शिकवायला नसेल तर नकोच. ताई, एक सांगा. तुमचे मास्तर आग्बाजाची गाणी शिकवतात का? एवे भाषेत? की फक्त घंटा आणि ढोल? माझं बाकीचं मत त्या उत्तरावर अवलंबून आहे.

निशिगंध

शिकवतात. ते एक ओळ म्हणतात आणि मुलं उत्तर देतात, एवेमध्येच. खांदे मागे-पुढे करत नाचायची जी चाल आहे ती गाणं सुरू झाल्याशिवाय ते करूच देत नाहीत. पण अर्थ सांगतात का ते मला नक्की माहीत नाही. लेकीला आत्ता विचारलं तर म्हणाली, "एका गाण्याचा सांगितला, दुसऱ्याचा म्हणाले मोठी झालीस की सांगेन." शुक्रवारी जाऊन त्यांनाच विचारते आणि इथे लिहिते. पुढची पालक बैठक सोळा तारखेला आहे, तेव्हा मानधनाचा विषय मी आधी काढणार आहे.